रेणूचा उजवा आणि डावा हात

विद्यार्थी मित्रहो, क्षणभर पुस्तक बाजूस ठेवा व आपले दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरा. अंगठ्यासमोर अंगठा येतो, करंगळीसमोर करंगळी येते. लांबी, रुंदी, बोटांची संख्या, सारे सारखेच. तरीही उजवा हात डाव्यावर असा ठेवा की, दोन्ही तळवे वर राहतील. अंगठे विरुद्ध दिशांस जातात. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घालून शाळेच्या फाटकापर्यंत चालून पाहिल्यास हाच सिद्धांत पाय अधिक स्पष्ट रीतीने समजावून सांगतो. दोन वस्तू सर्व मापांनी समान असूनही एक दुसरीची केवळ आरशातील प्रतिमा असू शकते, आणि तेवढ्याने त्या दोन निरनिराळ्या वस्तू होतात.

हाच प्रकार पदार्थांच्या रेणूंतही आढळतो. कित्येक रेणूंस उजवे व डावे असे दोन अवतार असतात. त्यांतील कोणत्या अवतारास कोणते नाव द्यावे, ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु औषधाच्या बाटलीवर ती चिकटते तेव्हा तिच्यावर माणसांचे आरोग्य अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत लेखात ही नावे कशी ठरतात, हे आम्ही सांगण्याचे योजिले आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस तो धडा म्हणून उपयोगी पडावा आणि त्यांच्या पालकांसही आपली मुले काय शिकतात याची कल्पना यावी, असा दुहेरी हेतू आहे.

प्रथम एक अडचण ध्यानात घेऊ. 'उजवे' व 'डावे' हे शब्द पाहणारा कोठे उभा आहे, यावर अवलंबून असतात. आपल्याकडील शंखाचेच उदाहरण घ्या. देवघरात ज्या दुर्मिळ शंखास 'दक्षिणावर्ती' म्हणून मान मिळतो, त्यासच प्राणिशास्त्रज्ञ डाव्या वळणाचा म्हणतात. आणि परंपरेने जो सामान्य शंख वामावर्ती, तो शास्त्रज्ञांच्या मते उजव्या वळणाचा! यात चूक कोणाचीच नाही. शास्त्रज्ञ शंखाचा शेंडा वर धरून त्याचे तोंड पाहतो, आणि परंपरेत पाणी सोडण्याची निमुळती बाजू वर धरतात. धरण्याची रीत बदलली की डाव्याचे उजवे होते. यावरून बोध असा की, वस्तू कशी धरून पाहावयाची, हे सर्वांनी आधी एकमताने ठरविल्यावाचून उजवे-डावे या शब्दांस अर्थ नाही.

आता थोडा इतिहास. इ. स. १८४८ मध्ये पॅरिस येथे लुई पाश्चर हा पंचवीस वर्षांचा तरुण चिंचाम्लाच्या क्षारांचे स्फटिक तपाशीत होता. चिंचेस व द्राक्षास जी आंबट चव येते, ती मुख्यत्वे ह्या आम्लामुळे. शास्त्रात त्यास टार्टारिक आम्ल म्हणतात. द्राक्षांपासून मिळणाऱ्या आम्लाचा द्राव ध्रुवित प्रकाशाच्या, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या, प्रतलास उजवीकडे वळवितो. परंतु त्याच घटकांचे 'रॅसेमिक' नावाचे दुसरे आम्ल तसे काहीच करीत नाही. हे कोडे पाश्चरने भिंग व चिमटा घेऊन उलगडले. रॅसेमिक आम्लाच्या सोडियम-अमोनियम क्षाराचे स्फटिक त्याने बारकाईने पाहिले, तेव्हा काहींवरील लहान पैलू उजव्या अंगास व काहींवरील डाव्या अंगास कललेले दिसले. त्याने ते एकेक करून निवडले, दोन ढीग केले, व निरनिराळे विरघळविले. एका द्रावाने प्रकाश उजवीकडे वळविला, दुसऱ्याने तितकाच डावीकडे! वृद्ध शास्त्रज्ञ बिओ यांस हे खरे वाटेना. त्यांनी पाश्चरकडून हा प्रयोग आपल्या समक्ष पुन्हा करवून घेतला व मगच मान डोलाविली. येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. हे दोन जातींचे स्फटिक सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या खालीच वेगवेगळे बनतात. कोकणातील वैशाखात हा प्रयोग मांडला असता तर निवडण्यास दोन ढीगच मिळाले नसते.

परंतु रेणूस असा हात येतो कोठून? ह्या प्रश्नाचे उत्तर १८७४ मध्ये व्हांट हॉफ व ल बेल ह्या दोन तरुणांनी स्वतंत्रपणे दिले. कार्बनच्या अणूस चार बंध असतात. ते कागदावर काढलेल्या फुलीसारखे सपाट नसून अवकाशात चार दिशांस पसरलेले असतात, जणू काही अणू चतुष्फलकाच्या मध्यभागी बसला आहे व त्याचे चार हात चार कोपऱ्यांकडे गेले आहेत. कोणत्याही दोन हातांतील कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो. ह्या चार हातांवर चार निरनिराळे गट बसले की, त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, व ते दोन प्रकार एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असतात. अशा कार्बनास असममित कार्बन म्हणतात. त्या काळी काही नामवंत पंडितांनी ह्या कल्पनेची थट्टा केली. पण १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हांट हॉफ यांसच मिळाले.

वाचण्याने हे पुरते पटणार नाही. म्हणून घरी एवढे करा. चिकणमातीची एक गोळी घ्या व तिच्यात खराट्याच्या चार सारख्या काड्या खोचा. तीन काड्या तिवईच्या पायांप्रमाणे पसराव्या व चौथी सरळ वर उभी करावी. टोकांस तांबडा, पिवळा, हिरवा व पांढरा असे चार रंगांचे मणी लावा. नंतर आरशात पाहून हुबेहूब तिच्या प्रतिमेसारखी दुसरी गोळी तयार करा. आता ह्या दोन गोळ्या कशाही फिरवा, चारही रंग एकाच वेळी जुळणार नाहीत. मात्र कोणतेही दोन मणी एकाच रंगाचे केलेत की, त्या लगेच जुळतील. चार गट भिन्न असल्यावाचून हात नाही, ही पहिली खूण येथेच पक्की करावी.

आता नाव देण्याचा प्रश्न. प्रकाश उजवीकडे वळविणाऱ्यास अधिक व डावीकडे वळविणाऱ्यास उणे, अशी चिन्हे पूर्वीपासून आहेत. परंतु ती केवळ यंत्रात दिसलेली गोष्ट सांगतात. गट कोणत्या क्रमाने बसले आहेत, हे सांगत नाहीत. एमिल फिशर यांनी १८९१ मध्ये शर्करांच्या रचना मांडल्या, तेव्हा दोन चित्रांतील खरे कोणते, हे कळण्यास मार्ग नव्हता. म्हणून त्यांनी एक चित्र गृहीत धरले व पुढील सर्व रचना त्यावर उभारल्या. अनुमान खरे निघण्याचा संभव रुपयातील आठ आणे, इतकाच होता. पुढे १९५१ मध्ये हॉलंडमधील उत्रेख्त येथे बायवूट व त्यांचे सहकारी यांनी क्ष-किरणांच्या साह्याने चिंचाम्लाच्या सोडियम-रुबिडियम क्षारातील अणूंची खरी मांडणी शोधून काढली. आणि फिशर यांचे अनुमान बरोबर ठरले! ते ज्या प्रयोगशाळेत काम करीत, तिला व्हांट हॉफ यांचेच नाव होते, हा योगायोगही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

खरी मांडणी कळू लागल्यावर ती निःसंदिग्धपणे सांगणारी भाषा हवी झाली. ती लंडनचे कान व इंगोल्ड आणि झुरिकचे प्रेलोग ह्या तिघांनी १९५६ मध्ये सिद्ध केली व १९६६ मध्ये अधिक विस्तृत केली. तीत दोनच अक्षरे आहेत: 'आर' व 'एस'. लॅटिन भाषेत 'रेक्टुस' व 'सिनिस्टेर' हे जे उजव्या-डाव्याचे शब्द, त्यांची ही आद्याक्षरे होत. त्या पद्धतीचे नियम आता क्रमाने पाहू. उदाहरणासाठी दुग्धाम्ल, म्हणजे ताकाच्या आंबटपणास कारण होणारे लॅक्टिक आम्ल, घेऊ. त्याच्या असममित कार्बनावर चार गट असतात: हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल, मिथिल व एकटा हायड्रोजन.

नियम पहिला. कार्बनास प्रत्यक्ष चिकटलेले चार अणू पाहावे. ज्याचा अणुक्रमांक मोठा, त्याचा मान मोठा. हायड्रोजन १, कार्बन ६, नायट्रोजन ७, ऑक्सिजन ८, गंधक १६, क्लोरीन १७, ब्रोमीन ३५, हे अंक पाठ असावे. दुग्धाम्लात हायड्रॉक्सिलचा ऑक्सिजन पहिला व हायड्रोजन शेवटचा, हे तत्काळ ठरते.

नियम दुसरा. अणू सारखे असल्यास एक पायरी पुढे जावे. कार्बॉक्सिल व मिथिल दोहोंतही पहिला अणू कार्बनच आहे. तेव्हा त्या त्या कार्बनास पुढे जोडलेल्या अणूंची यादी मोठ्यापासून लहानाकडे मांडावी. मिथिलची यादी हायड्रोजन, हायड्रोजन, हायड्रोजन अशी आहे. कार्बॉक्सिलमध्ये दोन ऑक्सिजन आहेत. पण त्यांतील एक दुहेरी बंधाने जोडलेला आहे. दुहेरी बंधाचा अणू दोन वेळा मोजावा, हा संकेत आहे. म्हणून यादी ऑक्सिजन, ऑक्सिजन, ऑक्सिजन अशी होते. अर्थात कार्बॉक्सिल दुसरा व मिथिल तिसरा.

येथे एक सावधगिरीची सूचना. याद्यांतील अंकांची बेरीज कधीही करू नये. शब्दकोशात शब्द लावतात त्याप्रमाणे जेथे पहिला फरक पडतो, तेथेच निकाल द्यावा. समजा, एका गटाची यादी ऑक्सिजन, हायड्रोजन, हायड्रोजन अशी आहे व दुसऱ्याची कार्बन, कार्बन, कार्बन अशी. बेरीज केल्यास पहिल्याची १० व दुसऱ्याची १८ होते. तरीही पहिला गटच वरिष्ठ. कारण पहिल्याच स्थानी ऑक्सिजनने कार्बनास जिंकले. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक आम्हांस वारंवार आढळते.

नियम तिसरा. सर्वांत कनिष्ठ गट पाहणाऱ्यापासून दूर ठेवावा. शंखाच्या बाबतीत जो घोटाळा झाला, तो टाळण्यासाठीच हा करार आहे. आपल्या मातीच्या गोळीत पांढरा मणी हा हायड्रोजन समजा. फुलाचा देठ धरून आपण फूल न्याहाळतो, त्याप्रमाणे पांढऱ्या मण्याची काडी देठासारखी धरा. बाकीचे तीन मणी तीन पाकळ्यांप्रमाणे आपल्यासमोर येतील.

नियम चौथा. पहिल्यापासून दुसऱ्याकडे व दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे बोट फिरवावे. तांबडा, पिवळा, हिरवा हा फेरा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे झाला तर 'आर', उलट झाला तर 'एस'. इतकेच!

मातीची गोळी फिरविता येते, कागदावरचे चित्र फिरविता येत नाही. आणि खरी फसगत तेथेच होते. ती आमचीही एकदा झाली, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. फळ्यावर आम्ही दुग्धाम्लाचे फिशर पद्धतीचे चित्र काढले होते: वर कार्बॉक्सिल, खाली मिथिल, डावीकडे हायड्रॉक्सिल, उजवीकडे हायड्रोजन. ह्या चित्रात उभ्या रेषेवरील गट कागदाच्या मागे जातात व आडव्या रेषेवरील गट आपल्याकडे पुढे येतात, असा संकेत आहे. डावीकडून वर व वरून खाली असा फेरा घड्याळाप्रमाणे होतो, म्हणून आम्ही मोठ्या विश्वासाने 'आर' असे लिहिले. वर्गाने ते उतरूनही घेतले. तेव्हा मागच्या बाकावरील एक विद्यार्थिनी हातात मातीची गोळी घेऊन उठली व हळूच म्हणाली, "गुरुजी, पांढरा मणी माझ्याकडे येतो आहे." तिचे म्हणणे खरे होते. हायड्रोजन आपल्याकडे असताना फेरा पाहिला तर उत्तर उलट करावे लागते. म्हणजे ते आम्ल 'एस' होय. आम्ही फळा पुसला. त्या दिवशी वर्गास नियम शिकविला तो आम्ही नव्हे, त्या मुलीने. आणि चाळीस वह्यांत चुकीचे अक्षर राहून जाण्याची आपत्ती टळली.

आता तीन गैरसमज दूर करू. पहिला असा की, 'आर' म्हणजे प्रकाश उजवीकडे वळविणारा. तसे मुळीच नाही. श्रम करणाऱ्या स्नायूंत तयार होणारे दुग्धाम्ल 'एस' आहे, परंतु त्याचा द्राव प्रकाश उजवीकडे वळवितो. अधिक आश्चर्य असे की, त्याच आम्लाचा सोडियम क्षार प्रकाश डावीकडे वळवितो. मांडणी तीच, अक्षर तेच, चिन्ह मात्र पालटले. अक्षर आपण नियमाने ठरवितो. चिन्ह निसर्गास विचारावे लागते.

दुसरा गैरसमज असा की, अक्षर बदलले म्हणजे हातही बदलला. आपल्या शरीरातील प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात, त्यांत ग्लायसीनला हातच नाही. बाकीच्या सर्वांची मांडणी एकाच हाताची असते. त्यांपैकी अॅलॅनिनास नियम लावा: नायट्रोजन पहिला, कार्बॉक्सिल दुसरा, मिथिल तिसरा, उत्तर 'एस'. केसांतील प्रथिनात विपुल असणारे सिस्टीन घ्या. त्यात मिथिलच्या जागी गंधक धारण करणारा गट आहे. त्याची यादी गंधक, हायड्रोजन, हायड्रोजन; कार्बॉक्सिलची तीन ऑक्सिजन. पहिल्याच स्थानी १६ ने ८ ला जिंकले, म्हणून गंधकाचा गट दुसरा झाला व कार्बॉक्सिल तिसरा. फेरा उलटला, व सिस्टीन 'आर' ठरले. मांडणी तीच आहे. फक्त पंक्तीतील मानाचे पाट बदलले.

तिसरा गैरसमज असा की, असममित कार्बन असला की, सबंध रेणूस हात असलाच पाहिजे. चिंचाम्लात असे दोन कार्बन आहेत. चिंचेत व द्राक्षात सापडणारे आम्ल 'आर, आर' आहे. त्याची आरशातील प्रतिमा 'एस, एस'. परंतु एक कार्बन 'आर' व दुसरा 'एस' असा तिसरा प्रकारही आहे. त्याचा एक अर्धा भाग दुसऱ्याची प्रतिमाच असल्याने तो रेणू सबंध आरशाशी जुळतो व प्रकाश वळवीत नाही. त्यास मेसो म्हणतात. पाश्चरच्या रॅसेमिक आम्लात दोन हातांचे समसमान मिश्रण होते. मेसो हा मात्र एकच रेणू, स्वतःशीच समतोल झालेला.

आता पालक विचारतील, ह्या दोन अक्षरांचा संसाराशी संबंध काय? तो स्वयंपाकघरापासूनच आहे. कार्व्होन नावाचा एक सुगंधी पदार्थ आहे. त्याचा 'आर' अवतार पुदिन्यात मिळतो, व त्याचा वास पुदिन्याचा. 'एस' अवतार शहाजिऱ्यात व शेपूच्या बियांत मिळतो, व त्याचा वास अगदी निराळा. अणू तेच, बंध तेच, हात मात्र वेगळा. आणि आपल्या नाकास तो ओळखता येतो. कारण नाकातील ग्राहक रेणू स्वतः एका हाताचे बनलेले आहेत. उजवा हातमोजा डाव्या हातास बसत नाही, तसाच हा प्रकार.

कुंपणावरची खाजकुइली आपणांस तिच्या खाजेमुळेच ठाऊक असते. परंतु तिच्या बियांत लेव्होडोपा नावाचा पदार्थ असतो. कंपवाताच्या एका प्रकारावर, ज्यास पार्किन्सनचा रोग म्हणतात, त्यावर हे प्रमुख औषध आहे. त्याचा उपयोगी अवतार 'एस' होय. हाच एक अवतार कारखान्यात कसा बनवावा, हे ज्यांनी साध्य केले त्या विल्यम नोल्स यांस २००१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघा शास्त्रज्ञांसह देण्यात आले.

शेवटचे उदाहरण दुःखाचे आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध विक्रीस आले. ते अगदी निर्धोक समजले जाई व गर्भवती स्त्रियांसही मळमळीवर देण्यात येई. पुढे अनेक देशांत आखूड वा अपुऱ्या हातापायांची बालके जन्मास येऊ लागली. त्यांची संख्या दहा हजारांवर गेली असावी, असा अंदाज आहे. १९६१ च्या अखेरीस ते औषध जर्मनीत मागे घेण्यात आले. ते दोन्ही हातांचे मिश्रण होते. पुढील काही प्रयोगांवरून दोष 'एस' अवताराकडे दिसला. मग केवळ 'आर' दिले असते तर ती बालके वाचली असती काय? तसे म्हणवत नाही. कारण शरीरात गेल्यावर ह्या औषधाचा एक हात दुसऱ्यात पालटत राहतो. म्हणून बाटलीवर अक्षर बरोबर लिहिणे आवश्यक आहे खरे, पण पुरेसे नाही. ते अक्षर पोटात गेल्यावर टिकते की नाही, हेही तपासावे लागते. कुष्ठरोगातील एका वेदनामय उपद्रवावर व अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर हेच औषध आज कडक निर्बंधांखाली उपयोगी पडते. आणि १९९२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, हात असलेल्या नव्या औषधांचे दोन्ही अवतार निरनिराळे तपासले जावेत, असे धोरण जाहीर केले.

मुलांनो, आता वही उघडा. पुढील तीन पदार्थ घेऊन गोळ्या तयार करा: एक, ज्या कार्बनावर ब्रोमीन, क्लोरीन, फ्ल्युओरीन व हायड्रोजन आहेत तो; दोन, ज्यावर हायड्रॉक्सिल, इथिल, मिथिल व हायड्रोजन आहेत तो; तीन, ज्यावर हायड्रॉक्सिल, हायड्रोजन व दोन मिथिल आहेत तो. पहिल्या दोहोंचे 'आर' व 'एस' असे दोन्ही अवतार करून दाखवा. तिसऱ्याबद्दल काय लिहावयाचे, ते ज्याने हा लेख लक्षपूर्वक वाचला त्यास सांगावे लागणार नाही.

आणि उत्तर लिहिण्यापूर्वी प्रत्येक वेळी स्वतःस एकच प्रश्न विचारा: पांढरा मणी कोणत्या बाजूस आहे? हा प्रश्न विचारण्यास लाजू नका. फळ्यावरील उत्तर कोणी का लिहिलेले असेना, गोळी निराळे सांगत असेल तर उठून उभे राहावे. आमच्या वर्गात हे घडले आहे, आणि पुन्हा घडावे अशीच आमची इच्छा आहे.